अखंड आणि डिग्री

माझ्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा डावीकडचा पत्रा गेल्या अकरा वर्षांत मी कधी स्क्रूने बंद केलेला नाही. तो नुसता खोबणीत सरकवलेला असतो. दोन-तीन महिन्यांनी तो काढायचा, रंगाच्या ब्रशाने पंख्यात साचलेली धूळ झाडायची, आणि एखाद्या सकाळी डिस्प्ले आलाच नाही तर रॅमची पट्टी उपसून तिच्या सोनेरी कडेवरून खोडरबर फिरवायचा. पट्टी परत बसवताना दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या ‘कट्’ असा आवाज करून मिटतात. तो आवाज ऐकला की हायसं वाटतं. पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची अक्षरजुळणी करून मी घर चालवते. यंत्र बंद पडलं की घरात येणारा पैसाही थांबतो. म्हणून त्याच्या पोटात काय चाललंय ते दिसावं, गरज पडली तर आत हात घालता यावा, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

आता ते बदलायची वेळ आली. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि साधारण २०१७-१८नंतरचा प्रोसेसर लागतो. माझा प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीतला, २०१४ साली घेतलेला. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. अंकांची शेवटची पानं छपाईला गेली, फराळाचे डबे शेजारी पोचले, आणि मग मी या प्रश्नाकडे वळले.

मुलगी म्हणाली, “आई, या वेळी ऑल-इन-वन घे. एक वायर, एक पडदा, संपलं. टेबलाखाली ते जाळं तरी राहणार नाही.” तिने मला दुकानात नेऊन दाखवलंही. खरं सांगते, मन हललं. पडद्याच्या पाठीतच सगळा कॉम्प्युटर बसवलेला. आवाज नाही, उष्णता नाही, खाली पाय पसरायला मोकळी जागा. आमच्या सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत मोकळी जागा ही किरकोळ गोष्ट नाही. शिवाय या यंत्रांत बहुधा लॅपटॉपच्या जातीचे भाग असतात, ते वीज कमी खातात आणि यूपीएसवर जास्त वेळ तग धरतात. पावसाळ्यात दिवसातून तीनदा वीज जाते तेव्हा त्या जादा मिनिटांची किंमत काय असते ते मला ठाऊक आहे.

दुकानातून परत येताना मला अण्णांची आठवण येत होती.

माझे वडील नारायण पेठेतल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. उभं राहून, डाव्या हातात स्टिक धरून, उजव्या हाताने खणांतले खिळे उचलत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. देवनागरीच्या खिळ्यांच्या दोन जाती असतात, हे मला त्यांनी मी शाळेत असताना सांगितलं होतं. एक अखंड. तिच्यात मात्रा, वेलांटी अक्षराला जडलेली असते, अक्षर आणि त्याचं चिन्ह एकाच शिशाच्या तुकड्यावर. दुसरी डिग्री. तिच्यात अक्षर वेगळं, वरची मात्रा वेगळी, रफार वेगळा, खालचा उकार वेगळा, आणि हे सगळे थर कंपोझिटरने बोटांनी एकमेकांवर बसवायचे. डिग्रीचं काम किचकट. मात्रेचे खिळे इतके बारीक की हिवाळ्यात बोटं आखडली की निसटत. तरी अण्णांचा जीव डिग्रीत होता. प्रुफावर मुद्रितशोधकाने एका मात्रेवर खूण केली की चिमट्याने तेवढी मात्रा उचलायची, दुसरी बसवायची. खालचं अक्षर जागेवरून हलत नाही. एखादा खिळा झिजला, त्याचं टोक तुटलं, तर तेवढाच खिळा वितळवायच्या डब्यात जातो. बाकीचा खण तसाच राहतो.

लायनोटाइपबद्दल ते आदराने बोलत, पण थोडं दुरून. त्या यंत्रात अख्खी ओळच एका तुकड्यात ओतली जायची. वेग अफाट. पण एक अक्षर चुकलं की सबंध ओळ पुन्हा ओतायची, आणि ती ओतताना दुसरंच अक्षर चुकलं नाही ना, हे पुन्हा तपासायचं. “ओळ सुंदर येते,” अण्णा म्हणत, “पण तिला हात लावता येत नाही.”

मी डीटीपी शिकले १९९७ साली. पेजमेकर आणि मराठी फॉन्ट, लेझर प्रिंटरवर बटर पेपरचे प्रिंट, त्यावरून प्लेट. माझं पहिलं यंत्र बुधवार पेठेतून सुटे भाग आणून एका ओळखीच्या मुलाने आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीवर जोडलं. अण्णा शेजारी पाटावर बसून बघत होते. त्याने रॅमची पट्टी खाचेत दाबली तेव्हा ते पुढे वाकले आणि त्यांनी विचारलं, “म्हणजे हीसुद्धा डिग्रीच की?” त्या मुलाला काही कळलं नाही. मला कळलं.

असं असूनही २०११ साली मी एक ऑल-इन-वन घेतलं. मदतीला एक मुलगी ठेवली होती, तिच्यासाठी. जागा कमी लागेल हाच हिशेब. तीन वर्षं ते यंत्र उत्तम चाललं, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. २०१४च्या ऑगस्टमध्ये, तीन दिवाळी अंक हातात असताना, एका दुपारी त्याचा पडदा काळा झाला. कॉम्प्युटर चालू होता. डिस्कचा आवाज येत होता, बटण दाबलं की दिवा लागत होता. टॉर्चचा झोत पडद्यावर तिरका मारला की आतलं पान अंधुक दिसायचं, अगदी मी सोडलं तसं, कर्सर लुकलुकत असलेलं. पडद्यामागचा प्रकाश तेवढा गेला होता. बाहेरचा मॉनिटर जोडावा म्हटलं तर त्या यंत्राला चित्र आत घेणारी खाच होती, बाहेर देणारी नव्हती. सेवा केंद्रात सांगितलं की या मॉडेलचा पडदा आता येत नाही, मागवून पाहू, पंधरा दिवस धरा. पंधरा दिवसांनी अंक छापखान्यात असायला हवे होते.

रात्री हार्डवेअरवाला मुलगा आला. दोन प्लास्टिकच्या पट्ट्यांनी कड उचकटत, श्वास रोखून, त्याने ते उघडलं. आतली अडीच इंची डिस्क काढली आणि माझ्या जुन्या कॅबिनेटमध्ये जोडली. पानं मिळाली. “काकू, डिस्क सुटी होती म्हणून वाचलात,” तो म्हणाला. ते वाक्य मी विसरलेली नाही. आज कित्येक यंत्रांत साठवण बोर्डावरच डाखलेली असते आणि तिच्यावर त्याच बोर्डाच्या चिपचं कुलूप असतं. बोर्ड गेला की किल्लीही जाते. बॅकअप घ्यायला हवा हे खरंच, आणि मी आता रोज घेते. पण त्या रात्री मला जे हवं होतं ते दुपारी तीन वाजता सोडलेलं पान होतं.

एक धडधाकट प्रोसेसर, धडधाकट रॅम, धडधाकट डिस्क, आणि मेलेला एक दिवा. सगळं मिळून निकामी.

त्यानंतर घेतलेलं यंत्र म्हणजे हे, ज्याचा पत्रा मी बंद करत नाही.

आमच्या धंद्याचा जन्म मात्र बंद डब्यातच झाला, हे मला विसरता येत नाही. जानेवारी १९८४मध्ये आलेला अ‍ॅपलचा पहिला मॅकिंटॉश हा पडदा आणि कॉम्प्युटर एकत्र असलेला डबाच होता. नऊ इंची काळा-पांढरा पडदा, आत विस्ताराला एकही खाच नाही, आणि तो उघडायला लांब दांड्याचा खास स्क्रूड्रायव्हर लागे. पुढच्याच वर्षी लेझररायटर प्रिंटर आणि ऑल्डसचा पेजमेकर आला. या तिघांमुळे टेबलावर बसून पान लावणं शक्य झालं. त्या पडद्याची घनता इंचाला ७२ ठिपके होती आणि छपाईत इंचाला ७२ पॉइंट धरले जातात, म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका बरोब्बर एक पॉइंट. अक्षरं जुळवणाऱ्या माणसाला यातलं सौंदर्य लगेच कळेल. पडदा आणि कॉम्प्युटर एकाच हाताने घडवले की असा मेळ साधतो, आणि ऑल-इन-वनची खरी बाजू ही आहे. ती मी नाकारणार नाही.

गंमत अशी की त्याच कंपनीच्या १९७७च्या अ‍ॅपल टूला आठ खाचा होत्या. स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅकने त्या हट्टाने ठेवल्या. स्टीव्ह जॉब्सच्या मते दोन पुरेशा होत्या, एक प्रिंटरसाठी आणि एक मोडेमसाठी. मॅकिंटॉशच्या वेळी जॉब्सचं चाललं. तरी बोर्डाची रचना करणाऱ्या बरेल स्मिथने आत एक वाट ठेवलीच होती: १२८ केबीच्या चिपा काढून मोठ्या बसवल्या तर ५१२ केबी स्मृती चालावी. वर्ष संपायच्या आत ५१२ केबीचा मॅक विक्रीला आला, आणि १९८७मध्ये सहा खाचांचा, पडदा वेगळा असलेला मॅकिंटॉश टूही. तिकडे आयबीएमने १९८१च्या पीसीमध्ये पाच खाचा दिल्या आणि बोर्डाचे नकाशे छापून विकायला ठेवले. बुधवार पेठेतल्या त्या मुलाच्या पिशवीतले भाग त्या छापील नकाशांचेच वंशज.

दुकानदार हल्ली ‘अपग्रेडेबल’ म्हणून यंत्र विकतात, त्याबद्दल अनुभवाचं थोडं बोलायला हवं. अकरा वर्षांत मी या यंत्रात नेमकं काय वाढवलं? रॅम ४ जीबीवरून ८, मग १६. फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी. हा बदल नव्या यंत्राइतकाच मोलाचा ठरला, फोटो भरलेली दोनशे पानांची फाइल चहा होईस्तोवर उघडायची ती पाणी पिईस्तोवर उघडू लागली. बस्स. प्रोसेसर एकदाही बदलला नाही. बदलायला गेले असते तर बोर्ड बदलावा लागला असता, कारण इंटेलची खाच पिढी-दोन पिढ्यांत बदलते, आणि बोर्ड बदलला की डीडीआर३ रॅम कुचकामी, डीडीआर४ किंवा डीडीआर५ हवी. बोर्ड, प्रोसेसर, रॅम या तिघांची गाठ पक्की आहे. एएमडीने २०१६ साली आणलेली एएम४ खाच बरीच वर्षं नव्या प्रोसेसरांना पुरली, म्हणून सुटं यंत्र घेणाऱ्याने प्रोसेसरच्या वेगाइतकीच त्याच्या खाचेची चौकशी करावी. पण पुढे हवं तेवढं वाढवता येईल या आशेवर कुणी मोठं कॅबिनेट घेत असेल तर त्याने थोडं थांबावं. बहुतेक माणसं फारसं वाढवत नाहीत.

दुरुस्त्या मात्र झाल्या. वीज पुरवणारा डबा, एसएमपीएस, दोनदा उडाला, एकदा विजेच्या झटक्याने, एकदा म्हातारपणाने. एक पंखा खरखरायला लागला. बोर्डावरची रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी संपली आणि रोज सकाळी तारीख मागे जाऊ लागली. मॉनिटरची केबल उंदराने कुरतडली. यातलं एकही काम दुसऱ्या दिवशीपर्यंत लांबलं नाही, आणि दर वेळी गेलेला भाग तेवढाच बदलला. इतक्या वर्षांत मला कळलं ते एवढंच: मला वाढणारं यंत्र नको होतं, तुकड्यातुकड्यांनी बिघडणारं यंत्र हवं होतं. प्रत्येक भागाचं आयुष्य निराळं असतं. पंखा पाच वर्षांत थकतो, पडदा नीट वापरला तर पंधरा वर्षं जातो, प्रोसेसर मरत नाही पण जग त्याला मागे टाकतं. इतकी वेगवेगळी आयुष्यं एकाच चिकटपट्टीने बांधली की सगळ्यांचं वय सर्वांत अल्पायुषी भागाएवढं होतं.

माझी एक मैत्रीण पुस्तकांची मुखपृष्ठं करते, कोथरूडला. तिच्याकडे दाट पडद्याचं ऑल-इन-वन आहे, दहा वर्षांपूर्वी घेतलेलं. पहिल्यांदा मी त्यावर माझं पान उघडून पाहिलं तेव्हा गप्प बसले. माझ्या साध्या फुल एचडी मॉनिटरवर बारा पॉइंटातला अनुस्वार म्हणजे दोन-तीन ठिपके असत, आणि रफाराच्या शेजारचा अनुस्वार तर नुसता डाग. ‘वर्षांत’मधला अनुस्वार आहे की नाही हे मी मोठं करून बघायची, रोज, शेकडो वेळा. तिच्या पडद्यावर तो वेगळा दिसत होता, गोल, कागदावर दिसतो तसा. डोळ्यांवर ताण न येता पान वाचता येत होतं. माझ्यासारख्या बाईसाठी हा मोठा मोह आहे.

आज त्या यंत्राला नवी प्रणाली मिळत नाही, तिची नवी सॉफ्टवेअरं चालत नाहीत, आणि पडदा अजूनही माझ्या पडद्यापेक्षा सरस आहे. तो मॉनिटर म्हणून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येत नाही. काही हौशी लोक आतला बोर्ड काढून निराळा बसवतात, पण ते धाडस सगळ्यांना झेपणारं नाही. तिच्या टेबलावर तो तसाच आहे. ती त्यावर जुनी चित्रं बघते. इतकी चांगली वस्तू अशी बसून राहिलेली बघितली की मला वाईट वाटतं, एखाद्या उत्तम मुद्रितशोधकाला छापखाना बंद झाला म्हणून घरी बसवावं तसं.

आणि बंद यंत्रं काही आळसापोटी बंद केलेली नसतात, हेही सांगायला हवं. २०२१च्या आयमॅकची जाडी ११.५ मिलिमीटर आहे. त्यात स्मृती प्रोसेसरच्या अगदी कुशीत बसवलेली असते, कारण अंतर कमी झालं की वेग वाढतो आणि वीज वाचते. खाच ठेवली तर ते जमत नाही. व्हिडिओचं काम करणाऱ्यांना हा फायदा रोज जाणवतो. माझे दीर डॉक्टर आहेत, त्यांनी दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर काय ठेवू विचारलं तेव्हा मी बेलाशक ऑल-इन-वन सांगितलं. तिथे काम ठरलेलं, नोंदी दुसरीकडे साठवलेल्या, आणि यंत्र बिघडलं तर पेशंटला वही आहेच. ग्रंथालयातही तेच चालेल. एखादं काम चार दिवस थांबू शकतं का, आणि ते दुसऱ्या यंत्रावर सहज उचलून नेता येतं का, हे बघून ठरवावं. माझं थांबत नाही.

माझं उचलूनही नेता येत नाही. युनिकोड रुळण्याआधी मी जुळवलेली पुस्तकं जुन्या सांकेतिक फॉन्टांत आहेत. त्या फॉन्टांच्या सॉफ्टवेअरला डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, लागतो, आणि माझा डोंगल जुन्या, पंचवीस पिनांच्या प्रिंटर पोर्टात बसणारा आहे. २०१४च्या बोर्डावर तो पोर्ट नव्हता. हार्डवेअरवाल्या मुलाने रिकाम्या खाचेत एक कार्ड टोचलं आणि जुन्या डिस्कवर विंडोज ७ ठेवून दिलं. त्या एका कार्डामुळे चाळीसेक पुस्तकं माझ्याकडे अजून जिवंत आहेत. युनिकोडात बदलून घ्यायचे कन्व्हर्टर आहेत, मी वापरतेही, पण जोडाक्षरं फुटतात, ‘र’ची रूपं इकडची तिकडे होतात, आणि मग तीनशे पानं पुन्हा वाचावी लागतात. प्रकाशकाला दुसरी आवृत्ती महिन्याभरात हवी असते.

नोव्हेंबरात नवं यंत्र सुट्या भागांचंच घेतलं. मुलीला कारणं सांगितली, तिने ऐकून घेतली, आणि “मग निदान वायरी मी बांधते,” म्हणून तिने त्या वेल्क्रोच्या पट्ट्यांनी बांधल्याही. टेबलाखाली आता खरोखर पाय पसरता येतात. रॅमचे भाव तेव्हा भलतेच चढले होते. म्हणून १६ जीबीची एकच पट्टी घेतली आणि शेजारची खाच मोकळी ठेवली. भाव उतरले की दुसरी. डाखलेल्या स्मृतीचं यंत्र घेतलं असतं तर पुढच्या आठ वर्षांची गरज त्याच महागाईत एकदम विकत घ्यावी लागली असती. एसएसडी जुन्यातून नव्यात आली. कीबोर्ड, यूपीएस तेच. पैसे वाचले ते मॉनिटरमध्ये घातले: सत्तावीस इंची, फोर-के, कॅबिनेटपासून वेगळा. बारा पॉइंटातला अनुस्वार आता मला दिसतो. मैत्रिणीच्या पडद्याइतका गोल नाही, पण दिसतो.

जुनं कॅबिनेट काढून टाकलं नाही. ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आहे, इंटरनेट तोडलेलं, त्या कार्डासकट आणि डोंगलसकट. मॉनिटरच्या पाठीला दोन केबल जातात, आणि एका बटणाने तो एकाचं चित्र सोडून दुसऱ्याचं घेतो. काल दुपारी एका प्रकाशकाचा फोन आला: २००३ साली केलेल्या कथासंग्रहाची नवी आवृत्ती काढायची आहे, फाइल आहे का? मी बटण दाबलं. डिस्प्ले आला नाही. पत्रा सरकवला, पट्टी काढली, खोडरबर फिरवला, परत दाबली. कट्. पेजमेकर उघडलं, आणि पहिल्या पानावर रफार आपापल्या जागी होते.